रुमालाखालचे मासे

“अक्का, मी समोर बसलो की हे मशीन गरीब गाय. पाठ फिरवली की बोंबाबोंब. असं कसं हो?”

धैर्यशीलनं दारातच विचारलं. यमुनाक्का चप्पल काढून शालनवहिनींच्या घरात आल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

शाळा चौथीपर्यंत. पण गडहिंग्लजात पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नव्या तारा भरण्यात या बाईचा हात धरणारा कुणी झाला नाही. पंखे, रेडिओ, पुढं कॉम्प्युटर. समोर आलं ते उघडलं, उघडलं ते चालू केलं.

धैर्यशील त्यांच्याच हाताखाली शिकला. चार अक्षरं जास्त शिकलेला, म्हणून नाक वर. स्वतःच्या दुकानाची जागा घेऊन झाली होती, पाटी रंगवून भिंतीला टेकवली होती. अक्कांनी सांगितल्याशिवाय लावायची नाही, एवढी मात्र लाज होती. दोनदा विचारलं होतं.

दोन्ही वेळा उत्तर एकच. “थांब.”

आणि त्यात हे शालनवहिनींचं मशीन. लग्नांचं शूटिंग घरी बसून कापायचं, जोडायचं, यावर घर चालवणारी बाई. महिन्यापूर्वी धैर्यशीलनं नवं तगडं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं. तेव्हापासून मशीन भट्टीसारखं तापतंय, मधेच बंद पडतंय. त्यानं कार्डावरचा भार मोजणारा प्रोग्राम टाकून बघितला. कुणी काही काम दिलेलं नाही, तरी कार्ड नव्वद टक्के राबतंय! माउसला हात लावला, की दोन टक्के.

त्याच्या तीन खेपा झाल्या होत्या.

“आज नाही जमलं तर मी कोल्हापूरला नेणार,” वहिनी म्हणाल्या. “आणि भावजी, तुमच्या त्या पाटीखाली उभी राहून सांगणार, कुणी बिघडवलं ते.”

“व्हायरस आहे, वहिनी! सगळं पुसून टाकतो. नाहीतर कार्डातच खोट.”

अक्कांनी मशीनकडं बघितलंसुद्धा नाही.

“शालन, काम झालं की तू काय करतीस गं?”

“काय करायचं? पडद्याचं बटण बंद. वीज काय फुकट येते? वर रुमाल टाकते. धूळ बसते.”

“मग तसंच कर. आणि लसूण आण, असला तर.”

वहिनींनी बटण बंद केलं. पडद्यावर क्रोशाचा रुमाल टाकला. लसणाची टोपली मधे ठेवली.

दोघी सोलायला बसल्या…

धैर्यशीलचा हात माउसकडं गेला. अक्कांनी नुसतं बघितलं. हात मागं आला. थोड्या वेळानं पुन्हा गेला.

अक्कांनी त्याच्या तळहातावर एक गड्डा ठेवला.

“सोल.”

“अक्का, मी इथं लसूण सोलायला…”

“सोल म्हटलं न्हवं!”

पाच मिनिटं… दहा मिनिटं…

मशीनचा पंखा घोंगावायला लागला. धैर्यशील ताडकन उठला. अक्कांनी त्याचं मनगट धरलं. मोटारीच्या तारा ओढलेली बोटं ती, सुटतो कसला!

“हात नको लावू. तू हात लावलास की ते गप्प बसतंय, तूच म्हणालास.”

मग त्या उठल्या. लसणाच्याच हातानं रुमाल उचलला आणि फक्त पडद्याचं बटण दाबलं.

निळं पाणी. मासेच मासे. एकेक खवलं चमकतंय, बुडबुडे वर चाललेत, तळाशी गवत डुलतंय. महिनाभर असंच चाललेलं, रुमालाखाली.

“अगं बाई!” वहिनी म्हणाल्या. “हे कुणी सोडले?”

…

व्हायरसवर ढकलता आलं असतं. वहिनींना काय कळणार होतं? अक्काही पुन्हा खाली बसून पाकळी सोलत होत्या, जणू त्यांना ऐकूच आलं नाही.

धैर्यशीलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“मी,” तो म्हणाला. “कार्ड बसवलं त्याच दिवशी. स्क्रीनसेव्हरचे मासे, मशीनला कुणी हात लावला नाही की आपोआप सुरू होतात. मी बसवलेल्या कार्डाची ताकद दिसावी म्हणून… चूक माझी, वहिनी. मशीनची नाही.”

वहिनींनी माउस त्याच्याकडं सरकवला.

त्यानं मासे काढून टाकले. पंखा उतरत उतरत शांत झाला. पाटीचं त्यानं विचारलं नाही. मान खाली घालून उरलेला लसूण सोलून संपवला.

अक्का उठल्या. पदरावरची सालं झटकली, उंबऱ्याबाहेर चपलेत पाय घातला.

“उद्या पाटी लाव.”