भिंगावरचं घर

घाटाच्या पायथ्याशी एका गावात मनोहर लचके नावाचा एक शिंपी राहत होता. हात त्याचा साफ, पण जीव सगळा किड्यांत. काज करता करता खिडकीत एखादा टोळ येऊन बसला, की सदऱ्याचा मालक दारात ताटकळत उभा राही आणि मनोहर टोळाच्या मिशा न्याहाळत बसे. जुन्या बाजारातून घेतलेला एक कॅमेरा आणि बारीक जीव मोठे करून दाखवणारं एकच एक भिंग त्याच्याजवळ होतं. सुटीच्या दिवशी ते घेऊन तो ओढ्याकाठी पालथा पडलेला असे. गावाने त्याचं नाव किडेशेठ ठेवलं होतं. "आज कोणाचं माप घेतलंत? मुंगीचं की झुरळाचं?" असं येताजाता लोक विचारत. तोही हसे, पण मनातून त्याला ते लागत असे.

त्या वर्षी त्याच्या परसातल्या दालचिनीच्या झाडाला महापतंगाचा कोष लटकलेला दिसला. पंख पसरले तर जेवणाच्या ताटाएवढा होणारा हा पतंग मनोहरने फक्त पुस्तकात पाहिला होता. गावच्या वाचनालयाने शब्द दिला, की कोषातून बाहेर पडतानाचा फोटो आणलास तर दर्शनी भिंतीवर लावू. मनोहर हरखून गेला. तो फोटो लागला की पुन्हा कोणी आपल्याला हसणार नाही, असं त्याला वाटलं. त्याने गावभर सांगितलं आणि सुताराकडून चौकटही करून आणली.

"बाजारात तुरी," एवढंच त्याची बायको शालन म्हणाली.

मनोहरने झाडासमोर तिकाटण्यावर कॅमेरा रोवला, कोषावर नेम धरला आणि वर ताडपत्री ताणली. ऐन वेळी धांदल नको म्हणून भिंगाचं झाकणही काढून ठेवलं. दोन दिवस त्याने डोळ्यांत तेल घालून पहारा केला. तिसऱ्या दिवशी शाळेचे गणवेश द्यायचे होते, म्हणून तो दिवसभर शिवणयंत्रावर बसला.

चौथ्या दिवशी सकाळी शालनने परसातून हाक मारली. "अहो, लवकर या. कोष तोंडाशी ओला झालाय."

मनोहर हातातली कात्री टाकून धावला. त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला, तर समोर नुसता अंधार. पुढे जाऊन पाहतो, तर भिंगाच्या काचेवर बरोबर मधोमध मातीचं एक मडकं चिकटलेलं. बोराएवढं. गळा अरुंद, काठ बाहेर वळवलेला. आदल्या दिवशी तो यंत्रावर बसलेला असताना कुंभारीण माशीने तिथे घर बांधलं होतं.

एका नखाचं काम होतं. मनोहरने बोट उचललं, तेवढ्यात माशी आली. स्वतःपेक्षा लांब अशी हिरवी अळी तिने पोटाशी धरली होती. वाटेत हे बोट. ती डसली नाही, पळालीही नाही. ओझं सांभाळत बोटासमोर तरंगत राहिली. तिकडे कोषाचं तोंड उकलू लागलं होतं.

"कॅमेरा तुमचा, मर्जी तुमची," शालन म्हणाली. "पण तुमचा अर्धा सदरा सुईखाली असताना कोणी यंत्रच उचलून नेलं, तर काय म्हणाल?"

मनोहरने मडक्याकडे नीट पाहिलं. चाक नाही, चिखल मळायला हात नाहीत. आईने शिकवलं म्हणावं, तर हिने जन्मात आई पाहिलेली नाही. आत अंडं ठेवून, अळ्या भरून, तोंड लिंपून आई निघून जाते आणि लेक एकटीच बाहेर येते. तरी त्या मडक्याचा काठ केवढा गोल! तीस वर्षं सदऱ्यांचे गळे बेतणाऱ्या मनोहरलाही तसा कधी साधला नव्हता. त्याने बोट मागे घेतलं. माशीने अळी आत सारली आणि दुसरी आणायला गेली.

मग मनोहर झाडाखाली मातीत बसला. शालनही शेजारी येऊन बसली. पतंग बाहेर आला तेव्हा पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा दिसत होता. हळूहळू त्याच्या पंखांत जीव भरत गेला. तासाभरात एकही चुणी उरली नाही. प्रत्येक पंखात एक पारदर्शक खिडकी होती आणि तिच्यातून ऊन पलीकडे जात होतं. आजवर मनोहरने सगळे किडे एक डोळा मिटून पाहिले होते. आज त्याचे दोन्ही डोळे उघडे होते.

"याला खाण्यापुरतंही तोंड नसतं," तो हळूच म्हणाला. "आता चार-आठ दिवस. मग संपलं."

"मग एवढी शोभा कशासाठी?" शालनने विचारलं.

मनोहरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. दुपारी माशीने मडक्याचं तोंड लिंपलं. सांजेला पतंग उडून गेला.

वाचनालयाच्या भिंतीवर कॅलेंडर लागलं. गावाने महिनाभर किडेशेठची रेवडी उडवली. कॅमेरा तोवर ताडपत्रीखालीच उभा होता. एका सकाळी मडक्याला बारीकसं भोक दिसलं. लेक घर सोडून गेली होती. मनोहरने ओल्या फडक्याने माती पुसली, पण काचेवर एक पुसट वळं राहिलं ते राहिलंच. उन्हाकडे तोंड करून फोटो काढला, की ते मधोमध उमटतं.

पुढे शहरातले एक फोटोग्राफर त्याचे फोटो पाहायला आले. म्हणाले, "भिंगाला डाग पडलाय. बदलत का नाही?"

"डाग नाही हो तो," मनोहर म्हणाला. "तिथे एक घर होतं."

तात्पर्य: सृष्टीचं नवल आपल्या चौकटीत बसावं म्हणून घडत नसतं, त्याच्या वाटेतून जो आपलं बोट मागे घेतो, त्यालाच ते पुरतं दिसतं.