मुंगी म्हणाली कू

एक होती मुंगी. मोहरीच्या दाण्याएवढी. म्हणून तिचं नाव राई.

एके सकाळी राईला काकडीचं बी सापडलं. चांगलं तिच्याहून मोठं. पण राई भारी हट्टी. तिनं बी डोक्यावर घेतलं आणि निघाली घरी. तुरु तुरु तुरु. आजवर तिनं एकटीनं घरी काही नेलं नव्हतं. आज नेणार होती.

वाटेत आली इंदूकाकूची कुंडी. कुंडीतल्या मातीला पडली होती भेग. टुप! बी गेलं भेगेत.

राई थोडी रडली. मग डोळे पुसून म्हणाली,

"मातीमाय, मातीमाय,
माझं बी मला दे."

माती म्हणाली, "मी कशी देऊ गं? मी झालेय कडक कडक. झारी पाणी घालील, तर मी सुटेन."

तुरु तुरु तुरु. राई गेली झारीकडे.

"झारीताई, झारीताई,
माती सुटेना,
माझं बी मला मिळेना."

झारी बसली होती जास्वंदीखाली. जास्वंद वाढली होती वेडीवाकडी. एक फांदी झारीच्या कानातच घुसली होती. झारी म्हणाली, "मी कशी येऊ गं? कात्री फांदी कापील, तर मी निघेन."

तुरु तुरु तुरु. राई गेली कात्रीकडे.

"कात्रीबाई, कात्रीबाई,
झारी निघेना,
माती सुटेना,
माझं बी मला मिळेना."

कात्री खिळ्याला लटकत होती. ती म्हणाली, "मी कशी येऊ गं? काकू हातात घेईल, तर मी चालेन."

तुरु तुरु तुरु. राई गेली काकूकडे. काकू पायरीवर मटार सोलत होती. राई तिच्या अंगठ्यावर चढली.

"इंदूकाकू, इंदूकाकू,
कात्री चालेना,
झारी निघेना,
माती सुटेना,
माझं बी मला मिळेना."

काकू हसली. म्हणाली, "मी कशी उठू गं? थंडीत छाटलं तर झाड कुडकुडतं. आमच्याकडे कोकीळ गायल्याशिवाय कुणी कात्रीला हात लावत नाही. कोकीळ गाईल, तर मी उठेन."

कोकीळ होता आंब्यावर. आंबा केवढा! राई चढली. चढली. दमली. मोहोराचा वास घेतला आणि पुन्हा चढली. खाली बघते तर कुंडी मटाराच्या दाण्याएवढी.

"कोकीळदादा, कोकीळदादा,
काकू उठेना,
कात्री चालेना,
झारी निघेना,
माती सुटेना,
माझं बी मला मिळेना."

कोकीळ पानाआड लपला. हळूच म्हणाला, "मी कसा गाऊ गं? पहिली हाक मारायला मला लाज वाटते. कुणी आधी कू म्हणेल, तर मी गाईन."

राईनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. होती फक्त राई.

मुंगीला आवाज असतो का? राईलाही ठाऊक नव्हतं. तिनं सहाच्या सहा पाय घट्ट रोवले.

"कू."

इवलीशी. वारा थांबला. पानं थांबली. कोकिळानं मान वाकडी करून ऐकलं.

आणि मग,

"कुहू! कुहू! कुहू!"

आभाळभर झालं ते. राईच्या पायाखालची फांदी थरथरली. एवढीशी कू, आणि एवढं मोठं कुहू! राई बघतच राहिली.

कोकीळ गायला, काकू उठली.
काकू उठली, कात्री चालली. कचक कचक.
कात्री चालली, झारी निघाली. झुळझुळ झुळझुळ.
झारी निघाली, माती सुटली. भुसभुस भुसभुस.

काकूनं मातीत मूठभर शेणखत घातलं. वर सुक्या पानांचं पांघरूण घातलं. तुरु तुरु तुरु. राई आंब्यावरून उतरली.

"मातीमाय, मातीमाय, आता माझं बी मला दे."

"देते गं. जरा थांब."

राई थांबली. एक दिवस. दोन दिवस. तीन दिवस. घरच्या मुंग्या हसल्या. मातीत गेलेलं कधी परत येतं का, म्हणाल्या. राई कुंडीच्या काठावरून हलली नाही.

पाचव्या दिवशी सुकं पान हललं. खालून एक हिरवी मान आली. आधी वाकडी. मग हळूहळू ताठ. आणि डोक्यावर काय होतं?

राईचं बी! टोपीसारखं घातलेलं.

मातीनं बी परत दिलं होतं. आणि बी आता उभं राहिलं होतं. मान वर करून राई नुसती बघत होती.

मग दोन हिरवी पानं उघडली. टुप! टोपी राईपुढे पडली. राईनं ती डोक्यावर घेतली आणि घरी नेली. तुरु तुरु तुरु. एकटीनं.

वेल चढली वर, गोष्ट उतरली खाली. पहिली काकडी कुणाची? ज्यानं शेवटपर्यंत ऐकलं त्याची.