घासलेला तवा

एकदा एका व्यापाऱ्याला दुकानं विकत घ्यायचा नाद लागला. कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला तंबाखूचा असतो, याला दुकानांचा. तीही रस्त्यावरची नव्हेत, फोनच्या काचेवर दिसणारी. कुठे कुणी डावखुऱ्यांसाठी कात्र्या विकतो आहे, कुठे कुणी निवृत्त मास्तर मधमाश्या पाळणाऱ्यांना जाळीच्या टोप्या पाठवतो आहे, कुठे कुणी नवरा-बायको नुसत्या मांजरांच्या गळ्यातल्या घंटा विकून सुखाने जगताहेत. अशी एकेका वस्तूला वाहिलेली छोटी ऑनलाइन दुकानं हुडकायची, मालकाला घसघशीत मोल द्यायचं आणि दुकान आपल्या कंपनीच्या छपराखाली आणायचं, हा त्याचा धंदा. स्वतः त्याने आयुष्यात एक सुई घडवली नव्हती. पण दुसऱ्याची सुई कशी खपवावी हे त्याला कळतं, असा लोकांचा समज होता. आणि लोकांपेक्षा त्याचा स्वतःचा अधिक.

दुकान ताब्यात आलं की कंपनीची माणसं पहिलं काम करत ते साफसफाईचं. हा शब्द त्यांचाच. जुन्या मालकाने हौसेने लिहिलेलं लांबलचक पुराण पुसायचं, प्रत्येक वस्तूचा पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर नवा फोटो काढायचा, आणि 'घेतो' म्हणेपर्यंत गिऱ्हाइकाचं बोट कुठे अडखळू नये अशी वाट गुळगुळीत करायची. तक्रार आली तर उत्तर एकाच मोठ्या दालनातून. कात्री बोथट निघो की घंटा मुकी निघो, उत्तर ठरलेलं : 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

याच रीतीने त्याने द्वारकाकाकूंचं तव्यांचं दुकान घेतलं होतं. काकू बिडाचे तवे विकत. ओतशाळेतून खरबरीत तवा आणायचा, तेल पाजून पाजून तापवायचा, काळाभोर तुकतुकीत झाला की मगच धाडायचा. आणि धाडण्याआधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारायचा. वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंच असे : 'तुमच्या घरी भांडी कोण घासतं?' उत्तर दिल्याशिवाय तवा मिळत नसे. कुणी लिहिलं 'सासूबाई', तर तवा निघे. कुणी लिहिलं 'कामाच्या मावशी', तर काकू फोन करून म्हणत, "मावशींना द्या फोन." आणि अर्धा तास त्या मावशींशीच बोलत. कुणी लिहिलं 'मशीन', तर काकू सरळ कळवत, 'तुम्ही दुसरा तवा बघा.'

साफसफाईवाल्यांनी हा प्रश्न वाचला आणि डोक्याला हात लावला. हा काय धंदा आहे? गिऱ्हाइकाच्या मोरीत डोकावायचं? प्रश्न गेला. मावशींशी बोलणं गेलं. तव्याने हात काळे होतात म्हणून कुणी कुरकुरलं, तेव्हा तेल पाजणंही गेलं. तवा आता घासूनपुसून, राखाडी, कोरडा ठणठणीत जाऊ लागला. खप एकदम वाढला. व्यापाऱ्याने कंपनीत पेढे वाटले.

आणि मग तवे परत येऊ लागले. 'घावन सुटत नाही.' 'गंज चढला.' 'फसवणूक आहे.' गोदामात परतीच्या पार्सलांचा ढीग असा चढला की कात्र्यांना जागा उरेना. व्यापारी चिडचिडून गेला. ओतशाळा तीच, बीड तेच, नाव तेच! मग बिघडलं कुठे? विचार करकरून तो एकाच निष्कर्षाला आला : काकूंनी दुकान विकताना काहीतरी लपवलं. वकिलाकडून नोटीस तयार करवली. दुकान परत घ्या, दिलेलं सगळं परत करा. काकूंनी त्या मोलातून गुडघे बदलून घेतले होते आणि उरलेल्यावर त्यांचं घर चाललं होतं, हे त्याला ठाऊक होतं. पण व्यवहार तो व्यवहार.

राहिली एक अडचण. हा सौदा बाईंच्या साक्षीने झाला होता. बाई म्हणजे गावातल्या वृद्ध शिक्षिका. ओसरीवर बसवून त्यांनी अर्ध्या गावाला वाचायला शिकवलं. व्यापारीही त्यांचाच शिष्य, आणि द्वारकाकाकूही. तेव्हा नोटिशीसोबत बाईंचं निवेदन हवं, असं वकील म्हणाला. म्हणून एका सकाळी व्यापारी कागद घेऊन बाईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

बाई घावनं घालत होत्या.

"बाई, सही हवी आहे. दोन मिनिटांचं काम."

"आधी खा. उपाशी माणसाच्या कागदावर मी सही करत नाही."

त्यांनी पीठ तव्यावर ओतलं, झाकण ठेवलं, काढलं. घावनाच्या कडा आपोआप वर उचलल्या आणि ते जाळीदार पांढरं वस्त्र अलगद त्याच्या ताटात उतरलं. व्यापारी एका हाताने खात होता, दुसऱ्या हाताने फोन बघत होता आणि तोंडाने काकूंविषयीची गाऱ्हाणी सांगत होता. तीन घावनं कधी पोटात गेली, त्याला कळलं नाही.

"म्हणजे द्वारका लबाड," बाई शेवटी म्हणाल्या.

"लबाड असं नाही, बाई. पण लपवलं तर खरंच ना?"

"काय लपवलं?"

"तेच तर कळत नाही!"

"वा! काय लपवलं ते कळत नाही, पण लपवलं हे कळतं. याच्यासाठी शिकवलं होतं मी तुला?" बाईंनी गॅस बंद केला. तवा चिमट्याने उचलून परसातल्या धुण्याच्या दगडाशी नेऊन ठेवला. त्याच्याजवळ राख, काथ्या आणि विटेचा एक तुकडा टाकला. "सही करते. पण माझा हा तवा फार काळा झाला आहे. तेवढा घासून दे."

"मी?"

"नाही, तुझी कंपनी. तूच रे! तुम्ही साफसफाईत हुशार ना?"

व्यापाऱ्याला हसावं की रडावं कळेना. इतक्या दुकानांचा धनी, आणि उकिडवा बसून तवा घासायचा! पण बाईंपुढे नाही म्हणायची सवय त्याला लहानपणापासून नव्हती. बाह्या सारून तो बसला. तवा निवल्यावर घासू लागला. पाच मिनिटांत सुटेल असं वाटलं होतं. कसलं काय! काळा थर बिडाला असा बिलगलेला की जणू दोघं जन्माचे सोबती. राख घातली, काथ्या फिरवला, वीट घेतली. कोपर दुखलं, पाठ भरून आली. ऊन दगडावरून सरकत तुळशीपर्यंत गेलं.

मध्येच फोन वाजला. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. बाईंनी खुशाल त्याचा फोन उचलला.

"कोण? वकील? नोटीस पाठवू का म्हणून विचारताय? त्याला आत्ता बोलता येणार नाही. तो भांडी घासतोय." आणि ठेवून दिला.

"बाई! काय म्हणेल तो?"

"खरं बोलले त्यात काय? त्या कडेला राहिलं आहे बघ. तिथे घास."

त्याने चिडून कडही घासली. शेवटी तवा राखाडी झाला, लख्ख झाला, ओतशाळेतून आजच निघाल्यासारखा. व्यापाऱ्याला नकळत थोडा अभिमानही वाटला. हाताने केलेलं असं काम त्याने किती दिवसांत बघितलं नव्हतं. "घ्या. नवा करून दिला."

"शाबास," बाई म्हणाल्या. "आता यावर एक घावन घाल. माझ्यासाठी. सकाळपासून तुलाच वाढते आहे, मी कुठे खाल्लं?"

तवा पुन्हा गॅसवर चढला. पीठ तेच, पळी तीच. त्याने पीठ ओतलं, झाकण ठेवलं, काढलं. कडा उचलल्या नाहीत. त्याने उलथनं घातलं. घावन एका जागी फाटलं, दुसऱ्या जागी करपलं, मधला भाग तव्याला चिकटून बसला. त्याने खरवडलं. बाईंच्या ताटात पडल्या त्या नुसत्या चिंध्या.

"बाई, तुमचा तवा खराब आहे."

"असं?" बाई ताठ बसल्या. "मघाशी तीन घावनं खाल्लीस, ती कशावरची होती?"

व्यापारी तवा खरवडतच राहिला.

"कशी उतरत होती? कडा सुटत होत्या की नाही? सांग की!"

त्याला आठवेना. तो फोन बघत होता. आठवलं ते एवढंच, की ताट कधी रिकामं राहिलं नव्हतं. त्याने तव्याकडे पाहिलं, मग दगडाकडे, जिथे काळं पाणी अजून वाहत होतं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हा तवा कधीचा होता?"

"माझ्या सासूबाईंचा. त्यांनी मुरवला, मी मुरवला."

"मग मला घासू का दिलात? थांबवायचं ना!"

"द्वारका तुला थांबवत नव्हती?" बाईंचा आवाज आता चढला. "तुझ्या कंपनीत दोनदा फोन केला तिने. तुझ्या त्या दालनातून तिला काय ऐकवलं, माहीत आहे? 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' तिची गैरसोय! अरे, ती तुझं दुकान वाचवायला फोन करत होती. तिचं ऐकलं नाहीस, तू माझं ऐकणार होतास? तुला सांगून कळत नाही. पहिल्यापासून नाही. तुझ्या हातालाच कळावं लागतं."

बाईंनी करपलेला एक तुकडा तोंडात टाकला, वाईट तोंड केलं आणि मग शांतपणे म्हणाल्या :

"नीट ऐक. घावन उचलतं ते बीड नव्हे. बिडावर बसलेला थर उचलतो. तो थर दुकानात मिळत नाही, ओतशाळेत ओतता येत नाही. रोजच्या हाताने तो बसतो, आणि दिसतो मात्र मळासारखा. द्वारकेचं दुकान तू घेतलंस तेव्हा काय घेतलंस? बीड घेतलंस, नाव घेतलंस. तिचा तो आगाऊ प्रश्न, तिचं मावशींशी तासन्तास बोलणं, नको त्या गिऱ्हाइकाला हाकलणं, हे सगळं तुला मळ वाटलं. ते खरवडून तू दुकान लख्ख केलंस. आता घावन चिकटलं, तर म्हणतोस द्वारका लबाड."

"पण प्रश्न काढल्यावर खप वाढला होता, बाई. खोटं नाही सांगत."

"वाढणारच. दार काढून टाकलं की घरात गर्दी वाढतेच. पण परत काय आलं? गिऱ्हाईक आलं की तवे आले?"

व्यापाऱ्याने मान खाली घातली. मग त्याने जे विचारलं, ते मात्र त्याच्यातल्या जुन्या शिष्याने विचारलं.

"बाई, प्रत्येक जुन्या दुकानात खरोखरचा मळही असतोच. आळस असतो, चुका असतात, वेडेपणा असतो. सगळाच थर कसा राखणार? मळ कुठला आणि मुरलेपण कुठलं, हे बघणाऱ्याला कसं कळावं?"

बाईंचा चेहरा पहिल्यांदा निवळला. "हा प्रश्न आधी विचारला असतास तर माझा तवा वाचला असता. सोपं आहे रे. घासायला घेण्याआधी त्याच्यावर एक घावन घालून बघावं. आणि खाताना फोन खाली ठेवावा."

व्यापाऱ्याला आठवलं, कंपनीने दुकान घेतलं त्या दिवसापासून एकाही माणसाने द्वारकाकाकूंच्या तव्यावर काही भाजून पाहिलं नव्हतं. त्यानेसुद्धा नाही. त्यांनी तव्याचे फोटो पाहिले होते.

बाईंनी कागद पुढे ओढला, चष्मा लावला. "आण, कुठे सही करायची? तवा घासून दिलास, शब्द तो शब्द. लिहिते, की द्वारकेने काहीही लपवलं नव्हतं, वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आणि तुम्ही ते पुसलंत."

"राहू द्या, बाई."

त्याने कागद घेतला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. मग तो तवा उचलला. "हा मी नेतो. मुरवून आणतो."

"वर्ष लागेल."

"लागू दे."

"आणि कंपनी?"

"कंपनीत माणसं आहेत." मग स्वतःशीच थोडं हसून म्हणाला, "त्यांनाही एकेक तवा देतो."

ओसरीच्या पायरीवर बसून त्याने काळ्या बोटांनीच फोन लावला. पहिला वकिलाला, 'पाठवू नका' एवढंच सांगायला. दुसरा लावताना बोट जरा थबकलं. पलीकडे घंटा वाजत राहिली. मग द्वारकाकाकूंचा आवाज आला, कोरडा, सावध.

"बोला. नोटीस येणार आहे असं कानावर आलंय."

"नाही येणार, काकू. मी दुसऱ्या कामासाठी फोन केला. बाईंचा तवा माझ्या हातून घासला गेला. पार बीड दिसेपर्यंत. तो मला पुन्हा मुरवायचा आहे. कसा मुरवू?"

मग काकूंनी घसा साफ केला. जो प्रश्न त्यांनी हजारो अनोळखी माणसांना विचारला होता, आणि जो त्याने एका झटक्यात पुसून टाकला होता, तोच त्यांनी विचारला. रागाने नव्हे, कामाला लागलेलं माणूस विचारतं तसा.

"तुमच्या घरी भांडी कोण घासतं?"

व्यापाऱ्याने आपल्या हातांकडे पाहिलं.

"आजपासून मी, काकू," तो म्हणाला. "सांगा."