शेळीनं उठवला हत्ती

“हे खेळणं आजपासून बंद!” हातात भलंमोठं कुलूप घेऊन सोनघळ संस्थानचे राजेसाहेब स्वतःच घाटातल्या वीजघरात येऊन थडकले.

वीजघर कसलं, धबधब्याखालची दगडी खोली! पाण्याचं दार उघडायचं-मिटायचं काम हौसाकडे. राजेसाहेबांनी मात्र नुकतंच वेशीबाहेर कोळशावरचं अवाढव्य वीजघर उभारलं होतं. दोन्हींची वीज एकाच तारांच्या जाळ्यातून गावभर जाई.

कुलूप लागलं की हौसाची भाकरी गेली!

“सरकार, धाकटं असलं तरी कामाचं आहे.”

“कामाचं? तिकडे माझा हत्ती, इकडे तुझी शेळी! शेळीनं हत्ती उठवून दाखवावा, मग नाही लावत कुलूप!”

बरोबरची मंडळी खो खो हसली. हौसानं पदर खोचला.

“उठवते की! पण हत्ती आधी बसायला नको? दोन्ही यंत्रं घडीभर थांबवा.”

राजेसाहेबांबरोबर आलेले इंजिनिअर दचकले. “सरकार, नको...”

“का? शेळीला भ्यालात? थोरल्या वीजघराला लावा फोन!”

यंत्रं थांबली. राजेसाहेबांच्या डोक्यावरचा पंखाही थांबला. तेवढ्यात फोन खणाणला. राणीसाहेब विचारत होत्या, “वाड्यातले पंखे कुणी बंद केले?”

“बास! थोरलं चालू करा!” राजेसाहेब घाम पुसत ओरडले.

इंजिनिअर हात जोडून म्हणाले, “सरकार, भट्टीला वारा घालणारे पंखे विजेवर चालतात.”

“मग घ्या वीज!”

“ती थोरलं चालू झालं की मिळेल.”

“मग करा की चालू!”

“वीज मिळाली की, सरकार!”

फोन पुन्हा खणाणला. राजेसाहेबांनी तो उचललाच नाही.

“हौसा, बघतेस काय? उठव तो हत्ती!”

हौसानं दोन्ही हातांनी लोखंडी चाक फिरवलं. दार वर गेलं, पाणी कोसळलं, यंत्र घुमू लागलं. वीज तारांतून थेट थोरल्या वीजघरात पोचली. तिथले पंखे फिरले, भट्टी फुलली, आणि काही वेळानं निरोप आला, “थोरलं चालू झालं!”

“अगं, पण तुझ्या यंत्राला कोण उठवतं?” राजेसाहेबांनी विचारलं.

“पाणी, सरकार! अन् त्याला खाली यायला ना वीज लागते, ना हुकूम!”

राजेसाहेब पोट धरधरून हसले. कुलूप त्यांनी ओढ्यात भिरकावलं.

“माग, काय हवं ते!”

“या तारा आमच्या वाडीच्या डोक्यावरून जातात, सरकार. गावात लखलखाट, अन् आम्ही अजून रॉकेलच्या चिमणीच्या धुरात! एक तार खाली उतरवा.”

“एकच? इंजिनिअर, घरटी दिवा लावा! आणि पहिलं बटण हौसा दाबेल!”