दुभाष्याचं सांत्वन

“मग, फारसी आली म्हणायची का तुला?”

सोमगिरी मठाच्या ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. समोर हैबती उभा होता, त्यांचा जुना शिष्य. बिदरला इतकी वर्षं राहून फारसी शिकून आलेला. सुभेदाराकडे दुभाष्याची जागा ठरली होती. गुरूंनी ‘जा’ म्हटलं की निघायचं.

“बिदरचे मौलवी म्हणतात, डोळे मिटून ऐकलं तर मी इराणातल्या शिराजचा वाटतो.”

“आणि डोळे उघडल्यावर?”

हैबती हसला. त्याला ठाऊक होतं, महाराज खूश असले की असंच बोलतात.

तेवढ्यात मागून येणाऱ्या घोड्यांच्या तांड्यातला एक मराठी माणूस मठात निरोप घेऊन आला. मठाच्या धर्मशाळेत उतरलेल्या जाफरसाठी. इराणी घोडेव्यापारी तो. तांड्याबरोबर येणारा त्याचा मुलगा वाटेत तापाने गेला होता.

“जा,” सोमगिरी म्हणाले. “इथे त्याची भाषा तुलाच येते.”

ऊन कलल्यावर हैबती परतला, तो ताठ मानेने.

“मृत्यूवर बोललो, दैवावर बोललो. कुठे अडखळलो नाही.”

“तो काय म्हणाला?”

“म्हणाला, या मुलखात इतकी सुंदर फारसी ऐकली नव्हती.”

सोमगिरींचे हात थांबले.

“रडला?”

“डोळ्यांत टिपूस नाही. सावरलं मी त्याला.”

सोमगिरी उठले. सुतकात चूल पेटत नाही. शेजाऱ्याने जेवण न्यायचं असतं. त्यांनी भाकरीवर पिठलं घेतलं आणि धर्मशाळेत गेले. हैबती मागोमाग.

ते जाफरला लागून बसले. एक घास मोडून त्याच्या हातावर ठेवला.

जाफर घासाकडे बघत राहिला… मग बोलू लागला. हैबती अर्थ सांगायला पुढे सरला. सोमगिरींनी नुसता हात वर केला.

जाफर बोलत होता, रडत होता. सोमगिरी हुंकार देत होते.

परतताना हैबतीला राहवेना.

“महाराज, तुम्हाला त्यातलं काय कळलं?”

“काही नाही… एक शब्द सारखा येत होता. बहराम. अर्थ काय रे त्याचा?”

“अर्थ नाही, ते नाव आहे. मुलाचं… असावं.”

“असावं?”

ओसरीवर आल्यावर हैबतीने विचारलं,

“मी उद्या निघू ना?”

“नीघ. फारसी उत्तम आली तुला.” सोमगिरींनी उरलेल्या शेंगा पुढ्यात ओढल्या. “मुलाचं नाव विचारायचं राहिलं.”