ढगात उभी राहिलेली रांग

गोष्ट सांगायची म्हणजे घसा माझा सुकणार आणि शाबासकी रविवारच्या शब्बाथशाळेच्या बाईंना. पण बाई दारातून हलेचनात. म्हणून सांगतो. एकदाच. मध्ये कुणी शेंगा फोडायच्या नाहीत.

फार फार मागं, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. इतकं उंच, की ढग मेंढरांसारखे गल्लीत शिरायचे, ओट्यावर टेकायचे, चुलीपाशी ऊब घ्यायचे. वर्षातून एकदा मात्र मोठा ढग उतरायचा. तो उतरला की आपला हात आपल्याला दिसायचा नाही. रानात अडकलेला माणूस कड्यावरून कधी खाली जाई, त्याचं त्यालाही कळत नसे.

म्हणून गावानं ठरवलं, प्रार्थनामंदिरावर बुरूज बांधायचा आणि त्यावर दिवा ठेवायचा. दिवा बघून माणसं घरी येतील.

दगड होते वर, कड्याजवळच्या ओढ्यात. ओढ्यापासून मंदिरापर्यंत सगळं गाव रांगेत उभं राहिलं. या हातातून त्या हातात दगड खाली येई. त्यांची एक रीत होती. देणारा म्हणायचा, "घे, प्रभू तुझ्याबरोबर." घेणारा म्हणायचा, "तुझ्याबरोबरही." दिवसभर ते शब्द उतारावरून वाहायचे. वाटायचं, ओढ्याच्या शेजारून दुसरा ओढाच गावाकडे चाललाय.

रांगेत एक पाथरवट होता. रेड्यासारखा दांडगा. त्याची बायको मेंढरं घेऊन वरच्या कुरणात गेली होती, आणि मोठा ढग उतरायचे दिवस जवळ आले होते. त्यामुळे त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याच्या शेजारी उभी होती एक आंधळी म्हातारी.

"म्हातारे, तू बस बरं," पाथरवट म्हणाला. "तुझ्यामुळं खोळंबा होतो."

"बसते की. पण मग तुला 'प्रभू तुझ्याबरोबर' कोण म्हणणार?"

"बोलण्यानं दगड हलका होतो काय? सगळ्यांनी तोंडं बंद ठेवा. दम वाचेल, काम उरकेल."

म्हातारी बसली. पलीकडे एक लंगडा होता, तोही बसला. रांग मुकी झाली.

आधी काम भराभर झालं. मग शेजारचा दमलाय की नाही, कुणाला कळेना. दगड पायांवर पडू लागले. एक बसला, त्याला बघून दुसरा बसला. पाथरवट एकटाच दगड घेऊन इकडून तिकडे धावत होता.

आणि मोठा ढग उतरला. आधी कडा गेला, मग झाडं गेली, मग माणसं. सगळं दुधासारखं पांढरं. पाथरवटानं बायकोला हाक मारली. हाक ढगानं गिळली. हातात दगड तसाच.

"माझ्यानं नाही होत आता," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा म्हणाला.

म्हातारी चाचपडत आली. तिनं त्याच्या हातांखाली आपले हात घातले. त्या हातांत बळ कसलं? चिमणीएवढं. पण दगड हलका झाला. कसा, ते मला विचारू नका.

"घे बाळा, प्रभू तुझ्याबरोबर."

"तुझ्याबरोबरही," तो कसंबसं म्हणाला.

"इकडं दे, मी आहे!" ढगातून लंगडा ओरडला. त्याच्या पलीकडून आणखी एक. मग आणखी. दिसत कुणीच नव्हतं. पण ओढ्यापासून गावापर्यंत रांग पुन्हा उभी राहिली, नुसत्या आवाजांची.

बुरूज काही त्या दिवशी पुरा झाला नाही. दिवाही लागला नाही. पण सांज होता होता ढगातून एक मेंढी बाहेर आली. मग दुसरी. तिच्या पाठीवर हात ठेवून आली पाथरवटाची बायको.

"कशी आलीस गं? दिवा तर नाही!"

"कड्याच्या तोंडाशी उभी होते. पाऊल टाकणार, एवढ्यात खाली बोलणं ऐकलं. मग एका आवाजापासून दुसऱ्या आवाजापर्यंत येत राहिले. सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडत होतं?"

पाथरवट मेंढरं मोजायला लागला.

"हाच," म्हातारी म्हणाली. "सकाळी दम वाचवून ठेवला होता ना!"

तात्पर्य मीच सांगायचं का? बरं. प्रभूच्या कामात दमलेल्याला बाजूला बसवू नका, त्याच्या हाताखाली हात घाला आणि दोन शब्द बोला. कुणाचा शब्द धरून कोण घरी येईल, सांगता येत नाही.

आणि गेल्या नाताळात मंदिराला चुना देताना, "आजोबा, तुम्ही बसा" म्हणून एकानं माझ्या हातातला कुंचला काढून घेतला होता. अजून माफी मागितलेली नाही त्यानं. इथंच बसलाय, मागच्या रांगेत, शेंगा खात. नाव त्याचं शांतवन.