पेवातला उजेड

कुरणसांगवीच्या पूर्वेला, गाडीवाट ओढ्यात उतरते त्या वळणावर भानगीर महाराजांची मठी होती. मठी म्हणजे तरी काय, कुडाच्या भिंती, वर पाचटाचं छप्पर आणि दारात कायम धुमसणारी धुनी. महाराज कुठून आले हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच तर ते त्यालाच उलट विचारत, "जेवलास का?" आणि खरंच जेवला नसेल तर आपल्यातली अर्धी भाकरी पुढं करत. अशा त्या कृपाळू महाराजांनी पाटलाच्या सुनेची लाज कशी राखली, ते आता भाविकांनी सावकाश ऐकावं.

गावचे पाटील हैबतराव. घर मोठं, शब्द मोठा आणि आवाज त्याहून मोठा. त्यांची सून सगुणा. तिचा मुलगा जोती तीन वर्षांचा झाला तरी त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. ऐकायला यायचं, हसायचा, पण बोलायचा नाही. वैद्य झाले, अंगारे झाले, जिभेला वेखंड घासून झालं. सगुणानं पोथी वाचण्याचा नेम धरला. पण ती पोथी उघडायला आणि पोरानं पदर ओढायला एकच गाठ पडायची. शेवटी रडकुंडीला येऊन ती मठीत गेली. माझा एकही नेम तडीला जात नाही, हे पोर मला देवाजवळ बसूच देत नाही, असं तिनं सांगितलं.

महाराज हसले. म्हणाले, "पोथी ठेव फडताळात. रोज थोडा वेळ पोराच्या मागून चाल. तो थांबेल तिथं थांब, बसेल तिथं बस, बघेल ते बघ. त्याला ओढायचं नाही, घाई करायची नाही. हाच नेम. जमेल?"

"जमेल," सगुणा म्हणाली.

नेम ऐकायला सोपा, पाळायला महाकठीण! पाटलाच्या घरात सुनेच्या डोक्यावर कामाचा डोंगर. पण सगुणा हट्टाची. ती रोज पोराच्या मागून परसात जायची. जोती कोंबडीसमोर फतकल मारायचा, की हीही बसायची. कोंबडी पाण्यात चोच बुडवते आणि मग आभाळाकडं मान करून घोट गिळते, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं आणि कधीच पाहिलं नव्हतं. तव्यावरची भाकरी टम्म फुगली की जोती टाळ्या पिटायचा. लहानपणापासून भाकऱ्या थापत आलेल्या त्या बाईला एके दिवशी भाकरी फुगताना बघून एकदम डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते तिलाही कळलं नाही. आपला देव फार दूर नाही, एवढं मात्र तिला वाटून गेलं.

हैबतरावांना हे कळायला वेळ लागला नाही. सून मुंग्यांच्या रांगेपुढं बसलेली त्यांनी स्वतः पाहिली आणि चारचौघांत तिची टर उडवली. "देव मुंग्यांच्या बिळात घावायला लागला, तर देवळं बांधायची कशाला?" लोक हसले. महाराजांनाही त्यांनी सोडलं नाही. त्या गोसाव्याला स्वतःला काम नाही आणि दुसऱ्याच्या सुनांना करू देत नाही, म्हणाले. इथवर सगुणानं ऐकून घेतलं. पण मग त्यांनी फर्मान काढलं. पोर मुकं राहिलं ते आईच्या या खुळ्या नादापायी. नाद सोडला तर ठीक, नाहीतर संक्रांत झाली की जोतीला त्याच्या आत्याकडं धाडणार, तिथंच वाढेल.

 सगुणाचा नवरा वडिलांपुढं मान वर करणारा नव्हता. तरी ती उंबऱ्याआड उभी राहून म्हणाली, "मामंजी, पोराला नेऊ नका, तुमच्या पाया पडते. पण नेम मी मोडायची नाही."

"मग पोराची कापडं बांधून ठेव," पाटील म्हणाले.

संक्रांत आली. त्याच दिवशी जोतीचं बोरन्हाण ठरलं होतं. काळं झबलं, डोक्याला हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, दंडात हलव्याचे बाजूबंद. पोर गोजिरवाणं दिसत होतं. साऱ्या गावच्या बायका यायच्या होत्या. परसात जोंधळ्याचं पेव होतं, जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. तळाशी उरलेलं धान्य काढायचं म्हणून त्याचं तोंड उघडून वारा लागायला ठेवलेलं, आणि रिवाजाप्रमाणं भोवती बाभळीच्या काट्यांचा फेर घातलेला. पाहुण्यांसमोर हे ओंगळ काटे कशाला, लुगडी फाटायची कुणाची, म्हणून हैबतरावांनी सकाळीच काटे उचलायला लावले आणि पेवाच्या तोंडावर तरट अंथरून कडांना धोंडे ठेवले. गडी काहीतरी बोलायला गेला, त्याला त्यांनी गप्प केलं.

दुपारी बायका जमल्या, बोरं-चुरमुऱ्यांची परात आली, आणि बघतात तो पाटावर बसवायला जोती नाही.

एकच धावपळ उडाली. कुणी विहिरीवर धावलं, कुणी ओढ्याला. सगळे त्याच्या नावानं हाका मारत होते. पण जे पोर बोलतच नाही ते ओ कशी देणार? परसात दोघंजण धावत फिरून आले. तरट जागच्या जागी होतं, त्यामुळं तिकडं कुणाचं मन गेलं नाही. हैबतराव सुनेवर कडाडले, "बघ तुझ्या नेमाची फळं!"

सगुणाही ओढ्याकडं धावणार होती. पाय उचललाही होता. तोच तिच्या मनात आलं की सणाच्या गडबडीत आजचा नेम राहिलाय. आज पोराच्या मागून ती चाललीच नव्हती. आणि तिनं ठरवलं, आता चालायचं. तो समोर नसला तरी चालायचं.

ती मागल्या दाराशी आली आणि गुडघ्यांवर बसली. शेजारची म्हातारी कळवळून ओरडली, "अगं, पोर हरवलंय आन् तू रांगतीस काय?"  सगुणाला धावावंसं वाटत होतं, आणि तरी ती तसूतसूनं पुढं सरकत होती. त्या उंचीवरून तिला रांजणाखालची ओल दिसली, ओलीकडं येणारी मुंग्यांची रांग दिसली. रांगेतल्या मुंग्यांच्या तोंडात पांढरे कण होते. तिनं बोटावर घेऊन पाहिलं, जिभेला लावलं. हलवा! रांग तरटाच्या कडेखालून येत होती. तिथं तरट थोडं उचललेलं होतं. मोठा माणूस जाणार नाही, पण मुंग्यांच्या मागं लागलेलं पोर सहज सरकेल एवढं.

तिनं किंकाळी फोडली. लोक आले, तरट ओढलं गेलं. हैबतरावांचा चेहरा पांढराफटक पडला. पेवातला कोंदट वारा माणूस मारतो, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून आधी कंदील सोडतात. कंदील विझला तर कुणी उतरत नाही. कंदील सोडला. निम्म्यावर जाताच तो विझला. दुसऱ्यांदा सोडला, पुन्हा विझला.

 सगुणानं गड्याच्या हातातला दोर घेऊन कमरेला बांधला.

"सूनबाई, नको," पाटील म्हणाले. "एक गेला. तू नको."

"मामंजी, दोर धरा," ती म्हणाली. "आन् सोडू नका."

"महाराज, तुमचाच नेम चाललाय," एवढंच पुटपुटत ती अंधारात उतरली. नाकातोंडाला पदर बांधला होता. पण खाली येईतो तिच्या ध्यानात आलं की श्वास कोंडत नाही. पहाटे ओढ्याकाठी असावी तशी निर्मळ हवा! जोंधळ्याच्या ढिगावर जोती बसला होता, मुकुट मोडलेला, अंगावर ओरखडासुद्धा नाही. पेवाच्या तोंडातून उन्हाचा एक पट्टा खाली आला होता आणि त्यात भुश्शाचे कण तरंगत होते. पोर तोंड वर करून ते बघत होतं.

आई दिसल्यावर तो रडला नाही. त्यानं तिचा पदर धरून तिला खाली ओढलं, उजेडाकडं बोट केलं आणि म्हणाला, "बघ."

तीन वर्षांतला पहिला शब्द! वरून लोक ओरडत होते, दोराला हिसके बसत होते. आणि ती माउली त्याच्या शेजारी बसली. घाई करायची नाही, हा नेम होता. तिनं पाहिलं. सोन्याचा चुरा वाऱ्यावर सोडल्यासारखा तो उजेड हलत होता. मग तिनं पोराला उराशी बांधलं आणि दोर हलवला.

दोघं वर आल्यावर गड्यानं पुन्हा कंदील सोडून पाहिला. निम्म्यावर जाताच तो विझला.

 नातवाला कडेवर घेऊन हैबतराव अनवाणीच मठीकडं निघाले, मागं सगुणा, मागं सारं गाव. मठीत महाराज भिंतीला टेकून बसले होते, ओठ काळेनिळे पडलेले, धाप लागलेली. सेवेकरी घाबरून गेला होता. म्हणाला, मध्यान्हीपासून महाराज जागचे हलले नाहीत, पण कोंडलेल्या जागी बसल्यासारखा त्यांचा श्वास अडकत होता. हैबतराव जवळ गेले. महाराजांच्या घोंगडीला पेवातल्या जोंधळ्याचा आंबूस वास येत होता. आयुष्य त्या वासात गेलेल्या पाटलांना दुसरं काही विचारावं लागलं नाही. त्यांनी पागोटं काढून महाराजांच्या पायांवर ठेवलं आणि त्यावर डोकं टेकून ते लहान मुलासारखे रडले.

"काटे मीच उचलले, महाराज. प्रायश्चित्त सांगा. गावजेवण घालतो, कळस चढवतो."

महाराज सावकाश म्हणाले, "कळस राहू द्या, पाटील. सूनबाईची माफी मागा. आन् उद्यापासून तिचा नेम तुम्हीही धरा."

हैबतरावांनी सुनेपुढं हात जोडले. सगुणानं घाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. पोराला आत्याकडं धाडायची भाषा त्या घरात पुन्हा कुणी काढली नाही.

एवढं होईपर्यंत जोती आजोबांच्या कडेवरून उतरून दाराशी जाऊन बसला होता. धुनीजवळच्या राखेत एक किडा गोल खळगा करून आत दडत होता. हैबतराव उठले, गुडघे धरत त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि विचारलं, "काय रं बघतोस?"

पोरानं मागं वळूनही पाहिलं नाही. त्यानं आपला राखेनं भरलेला हात आजोबांच्या मानेवर ठेवला आणि ती खाली दाबली. आणि कुरणसांगवीच्या पाटलाची मान जमिनीला लागेपर्यंत वाकली.